विजेची मोटार परवडेल का?

माझे आबा भाड्याची मोटार चालवतात. ती पेट्रोलची आहे आणि आता फार जुनी झाली आहे. नवी घ्यायची तर पेट्रोलची घ्यावी की विजेची, यावर आमच्या घरी रोज बोलणे होते.

विजेच्या मोटारीला धूर नसतो. ती बॅटरीवर चालते. बॅटरी महाग, म्हणून मोटार महाग. २०२२ साली टाटांनी विजेवरची टियागो काढली. तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ८ लाख ४९ हजार रुपये होती. पेट्रोलची टियागो साधारण ३ लाखांनी स्वस्त होती.

मी वहीत हिशेब केला. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि लिटरला २० किलोमीटर धरले, तर एका किलोमीटरला ५ रुपये लागतात. विजेचे एक युनिट ७ रुपयांना आणि त्यात ७ किलोमीटर धरले, तर १ रुपयाच लागतो. म्हणजे ४ रुपये वाचले. असे ३ लाख वाचवायला ७५,००० किलोमीटर गाडी पळवावी लागेल. आबांची गाडी रोज ५० किलोमीटर पळते. म्हणजे १,५०० दिवस, चार वर्षांहून जास्त! गुरुजींनी भागाकार तपासला. बरोबर आला.

आजी म्हणाली, "चार वर्षांनी वाचंल, पर बँकेचा हप्ता पहिल्या महिन्यापासनंच की!"

आबा म्हणाले, "रात्री लाईट गेली तर सकाळी भाडं कसं मारू?"

मला वाटते, ज्याची गाडी खूप पळते त्याला विजेची परवडते. बॅटरी स्वस्त झाली आणि गावात रात्रभर वीज राहिली, तर आमच्यासारखे लोकही घेतील. आबांनी अजून ठरवले नाही. दिवाळीपर्यंत ठरवावेच लागेल.

(इयत्ता चौथी)