ब्रिक्स मीटर आणि दादाचा पाय



काल कारखान्याचा चिटबॉय ऊस बघायला आला होता. रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकला, डोळ्याला लावला. बुडखा २१, शेंडा १७. म्हणाला, "अजून पंधरा-वीस दिवस थांबा."

बांधावर दादा बसला होता. हसत म्हणाला, "उसाची साखर दोन दोन जागी बघतूस, माझी एकदा बी बघितली न्हाईस."

हसण्यावारी नेलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

गेल्या येळवशीला कोपीभोवती अनवाणी आंबील शिंपडताना दादाच्या अंगठ्यात तुरीचा सड घुसला. दुखलंच नाही म्हणाला. तेच वाईट होतं, हे आता कळतंय. हळद लावली, फडकं बांधलं, पंधरा दिवस पाणी दिलं. अंगठा काळा पडल्यावर डॉक्टरकडं गेलो. त्यांनी जखमेआधी साखर बघितली. ३४२. अंगठा काढावा लागला.

दादा काटकुळा, दिवसभर राबणारा. साखरेचा आजार जाड्या, बसून खाणाऱ्या माणसाला होतो, हीच आमची समजूत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास करतायत. त्यांचं सांगणं असं की आपला माणूस दिसायला बारीक असला तरी अंगात चरबी जास्त असू शकते, आणि त्यालाही मधुमेह गाठतो.

आई म्हणायची, लघवीला मुंग्या लागल्या की साखर समजायची. खोटं नाही, पण उशिराचं आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. मुंग्यांची वाट बघायची म्हणजे पान पिवळं पडल्यावर खत टाकायचं.

आता सुई न टोचता नुसत्या लाळेवरून साखर ओळखायचं संशोधन चालू आहे. सुईच्या भीतीनं तपासणी टाळणारे आपल्यात कमी नाहीत, त्यांच्यासाठी हे यावंच. पण अडचण समजून घ्या. लाळेतली साखर रक्तातल्या साखरेच्या शंभराव्या हिश्श्याच्या घरात. त्यात तोंडात नुकताच खाल्लेला घास, चहा, तंबाखू. तोंड कोरडं असेल तरी आकडा हलतो. म्हणून लाळेवर निदान होत नाही.

ब्रिक्स मीटरचंही तसंच आहे की. ते रसात विरघळलेलं सगळंच मोजतं, नुसती साखर नाही. कोणता फड आधी बघायचा एवढं सांगतं. खरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये कळते. लाळेची तपासणी उद्या गावात आली तर ती रक्त कोणाचं आधी तपासायचं तेवढं सांगेल. तिनं "काही नाही" म्हटलं म्हणून सुटलो असं धरू नका.

तोवर आहे ते वापरा. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, कमरेचा घेर मोजतात, घरात कुणाला साखर आहे का विचारतात. गुण कमी आले तरी तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करायचीच आहे. उपकेंद्रात बोटातलं थेंबभर रक्त, पैसे लागत नाहीत. आकडा जास्त आला तर उपाशीपोटी शिरेतलं रक्त द्या. १२६ किंवा वर, नाहीतर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ६.५ किंवा वर, म्हणजे मधुमेह. त्रास काही नसेल तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून खात्री करतात.

पुढच्या आठवड्यात येळवस. दादाची दोन्ही पोरं तिशीच्या पुढची. "आमाला काय झालंय?" म्हणतात. दादानं सांगितलंय, आधी उपकेंद्र, मग भज्जी. मीही जाणार आहे. पन्नाशी आली, अजून एकदाही बघितलेली नाही.

आणि हो, पूजेला शेतात जाताना पायात चप्पल राहू द्या. कोपीपाशी काढा, पण आधी सड उपटून घ्या.