नोटीस सारखी नसावी

'घर सोडायचं किंवा सोडवून घ्यायचं असल्यास दोन्ही पक्षांनी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी.' बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये या अर्थाचं कलम सर्रास असतं. बरीच वर्षं मला ते त्या कागदातलं सर्वांत न्याय्य कलम वाटायचं. बाकीची कलमं मालकाच्या कलाने लिहिलेली असतात: ॲडव्हान्स, पेंटिंगची कपात, भिंतीला खिळे नकोत. इथे निदान दोघं एका पातळीवर आहेत, असं मी म्हणायची. आता म्हणत नाही. मालकाची नोटीस तीन महिन्यांची असावी आणि भाडेकरूची एक महिन्याची, असं माझं आजचं मत आहे. इथे सेक्टर दोनमध्ये मी भाडेकरू आहे आणि पुण्याच्या कोथरूडमधला माझा टू बीएचके मी भाड्याने दिला आहे, त्यामुळे हे मत मला फुकटात पडलेलं नाही.

पहिलं मत आलं होतं आजोळच्या गिरगावातून. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्या भाड्यात मालकाला जिन्याची पायरीसुद्धा दुरुस्त करणं परवडत नसे आणि भाडेकरू पागडी मोजून पिढ्यान् पिढ्या राहत. भाडी अशी गोठवणं आता अवाजवी झालं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत १९९७चा डिसेंबर उजाडला. 'एकदा दिलेली जागा परत मिळत नाही' हे वाक्य ऐकत वाढलेल्या मला अकरा महिन्यांचा करार आणि महिन्याची नोटीस हा सुटसुटीत तोडगा वाटला. कोणी कोणाला अडकवायचं नाही.

एचएसआरला तर तो तोडगा शोभूनच दिसतो. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेल्या प्लॉटवर तळमजल्याला ओनर आणि वरच्या दोन-तीन मजल्यांवर भाडेकरू, ही इथली नेहमीची रचना. भाडेकरूंत नोकरी बदलणारे, लग्न ठरलेले, स्टार्टअप बंद पडलेले असे सगळे. २०२०मध्ये ऑफिसं घरी आली आणि लोक आपापल्या गावी गेले, तेव्हा गल्लोगल्ली 'टू लेट'च्या पाट्या लागल्या. महिन्याच्या नोटिशीवर आम्ही भाडेकरू मोकळे झालो, काहींनी भाडं उतरवूनही घेतलं. २०२२मध्ये ऑफिसांनी परत बोलावलं आणि भाडी चढू लागली. कलम तेच होतं. फक्त आता ते मालकांच्या उपयोगी पडत होतं.

आमचे तेव्हाचे ओनर, ज्यांना मी अंकल म्हणत असे, भले गृहस्थ. मुलगा परदेशातून परत येणार म्हणून जानेवारीत त्यांनी घर मागितलं. माझी मुलगी नववीत, परीक्षा तोंडावर. अंकलनी कराराबाहेर काही केलं नाही आणि नेमका तोच मला विचार करायला लावणारा भाग होता. वाईट माणूस असता तर त्याच्यावर चिडून मी मोकळी झाले असते.

मी आकडे मांडून पाहिले. समजा भाडं ४०,००० आणि ॲडव्हान्स पाच महिन्यांचा, म्हणजे दोन लाख. (पूर्वी बेंगळुरूत दहा महिन्यांचा ॲडव्हान्स सर्रास घेत.) तो परत मिळतो चावी दिल्यावर, तोही पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं कापून. नवं घर ४५,०००चं धरलं तर ॲडव्हान्सचे सव्वा दोन लाख, ब्रोकरचे ४५ हजार आणि पहिल्या महिन्याचे ४५ हजार, असे ३,१५,००० रुपये जुने पैसे हातात यायच्या आधी उभे करायचे. शाळेची बस जिथे येते त्याच भागात घर शोधायचं, तेही महिन्याभरात. उलट भाडेकरूने अचानक घर सोडलं तर मालकाचं काय जातं? एखाद्या महिन्याचं भाडं, ४०,०००. आणि भाडेकरूचे दोन लाख तर त्याच्याकडेच असतात. सारखी नोटीस या दोन माणसांना सारखी लागू होत नाही.

मग कागद नीट वाचला, तेव्हा कळलं की एक महिन्याचं संरक्षणसुद्धा पूर्ण नाही. करार अकरा महिन्यांचा करतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याच्या कलम ५५मुळे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्सही नोंदवावं लागतं, आणि ती जबाबदारी मालकाची. इकडे बहुतेकांचं काम ई-स्टॅम्प, दोन साक्षीदार आणि सह्या एवढ्यावर भागतं. कर्नाटकाचा १९९९चा भाडे कायदा बेंगळुरूत दरमहा ३,५०० रुपयांपर्यंतच्या प्रमाणित भाड्याच्या घरांना लागू. एचएसआरमध्ये त्या पैशांत पीजीतली खाटसुद्धा मिळणं कठीण. म्हणजे आपण येऊन पडतो १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या पदरात. त्यानुसार ठरलेली मुदत भरली की भाडेपट्टा आपोआप संपतो, नोटिशीची गरजच नाही. मुदत संपल्यावर मालक भाडं घेत राहिला तर भाडेदारी महिन्यागणिक चालू राहते, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर ती पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येते. 'रिन्यूअलचं बघू नंतर' असं अंकल आणि मी दोघंही हसत म्हणायचो, त्याची किंमत ही. त्यानंतरही मालकाला जबरदस्तीने बाहेर काढता येत नाही, कोर्टातच जावं लागतं, हे खरं. पण ॲडव्हान्स समोरच्याच्या खिशात असताना कोर्टाची वाट कोण बघतं?

मालकाची नोटीस लांबवावी, यावर माझ्यातल्या कोथरूडच्या मालकिणीचा आक्षेप होता: ही पागडीची पहिली पायरी नाही का? नाही, असं मला आता वाटतं. पागडीने भाडं गोठवलं आणि ताबा अडकवला. लांब नोटीस यांतलं काहीच करत नाही. भाडं वाढवा, घर परत घ्या, फक्त आधी सांगा. जर्मनीत बेमुदत भाडेकरारात भाडेकरूची नोटीस कायम तीन महिन्यांची असते, मालकाची मात्र पाच वर्षांनंतर सहा आणि आठ वर्षांनंतर नऊ महिन्यांची होते. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं आहे आणि भाडेवाढीची सूचना तीन महिने आधी द्यायची आहे. पण तो नमुना आहे. स्वीकारायचा की नाही, हे राज्यांनी ठरवायचं.

तोवर उरतो आपला कागद. नव्या घराच्या ओनरकडे तीन महिने मागितले, दोन मिळाले. करार पुढे चालवणार की नाही आणि किती भाड्याने, हे मुदतीच्या तीन महिने आधी सांगावं, हे कलम त्यांनी खोडलं. कोथरूडला मात्र दोन्ही कलमं घातली. तिथला एजंट म्हणाला, "मॅडम, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर अडकाल." अडकेन, तीन महिने. पण विकायचं की नाही हे मीच ठरवणार आहे, माझ्या सोयीने, कागदपत्रं जमवत, भाव बघत. त्या घरात राहणाऱ्या जोडप्याला ते शेवटी कळणार. त्यांना कळायला उशीर होणारच असेल, तर निघायला तरी वेळ मिळावा.