सदक्याच्या झाडाखालची माती

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. म्हणूनच आम्ही भावंडांनी अम्मी-अब्बांच्या नावाने कब्रस्तानच्या कुंपणालगत कडुनिंब आणि जांभळाची रोपे लावायचे ठरवले.

खड्डे खणताना मातीबरोबर प्लास्टिकही वर आले. फुलांच्या पिशव्या, अगरबत्तीची वेष्टने, पाण्याचे चुरगळलेले ग्लास. काही पिशव्यांचा हात लावताच भुगा झाला. खरी चिंता या भुग्याचीच आहे. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात, पण ते पाल्यासारखे कुजून माती होत नाही. 5 मिलिमीटरहून लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पिशवी वेचून काढता येते. हे कण कोण वेचणार?

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीत असे कण मिसळले की तिची घडण बदलते आणि पाणी धरून ठेवण्याची ताकदही बदलते. गांडुळे हे कण गिळतात आणि आपल्या बिळांतून खोलवर नेतात. मुळांशी राहून झाडाला पाणी आणि स्फुरद मिळवून देणारी बुरशीही याच मातीत जगते. बर्लिनमधील संशोधकांनी चमकणारा रंग दिलेले कण कुंडीतल्या मातीत मिसळून बर्चची झाडे लावली. 2022 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की ते कण मुळांच्या आत पोहोचले होते. म्हणजे प्लास्टिक झाडाच्या भोवतीच राहते असे नाही, ते झाडातही शिरते.

राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. पण कब्रस्तानात शिपाई उभा करण्यापेक्षा आपल्या घरातून सुरुवात करणे सोपे. आमच्या घरी आता फुले कागदात किंवा टोपलीत नेतात. इफ्तारच्या सरबताला स्टीलचे पेले काढतात. ते विसळण्याचे काम मुलांनी वाटून घेतले आहे. रोप लावताना त्याची काळी पिशवी कापून बाजूला काढतो आणि घरी परत आणतो.

जमीन ही अल्लाहने आपल्या हाती दिलेली अमानत आहे. अम्मी-अब्बा याच मातीत विसावले आहेत, आम्हालाही एक दिवस इथेच यायचे आहे. शबे-बरातला कब्रस्तानात जाल, तेव्हा फातिहा झाल्यावर जवळच्या झाडाच्या बुंध्याशी पडलेले प्लास्टिक तेवढे उचला. त्याचा भुगा होण्याआधी.