लागू पडेपर्यंत

आमच्या घरात गोळी म्हणजे वडिलांची गोळी. सत्तरच्या दशकात, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी देवळीत एक पत्र्याची डबी असायची. सकाळी चहाच्या आधी वडील त्यातली ब्लड प्रेशरची गोळी काढून घ्यायचे. पाहुणे बसलेले असले तरी डबी सगळ्यांसमोर उघडायची. कुणी विचारलं, तर प्रेशर किती होतं, आता किती आहे, हे ते हौसेने सांगायचे. गोळी लपवून घ्यायची असते, हे मी त्या घरात शिकले नाही. ते मला पुढे शिकवण्यात आलं.

त्या गोळीत रेसर्पिन होतं, हे खूप वर्षांनी समजलं. रेसर्पिन निघतं सर्पगंधेच्या मुळीतून, आणि ही सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतही उगवते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि वैद्यांची ही जुनी मुळी रक्तदाबावरचं औषध म्हणून जगभर गेली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रोगी उदास होतात, असं मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की या औषधाने मेंदूतला सेरोटोनिन या रसायनाचा साठा आटतो. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं, तर खाटेवरून न उठणारी माणसं वॉर्डात नाचायला लागली. एका औषधाने मन खाली जातं, दुसऱ्याने वर येतं. उदासीलाही शरीरात मूळ असू शकतं, या विचाराला इथून बळ आलं. पुढे ते गणित वाटलं तितकं सोपं निघालं नाही, तरी वाट उघडली ती इथेच. १९५७ साली लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत डॉ. वकील होते आणि डॉ. नेथन क्लाइनही होते. क्लाइन यांनी त्याच वर्षी इप्रोनियाझिडचा उदासीवरचा उपयोग पुढे आणला.

वडील त्या गोळीने उदास झाले नाहीत, शेवटपर्यंत हसतमुख राहिले. पण माझ्या आजारावरच्या औषधांची गोष्ट मागे मागे जात आमच्या देवळीतल्या डबीपर्यंत पोचते, हे वाचलं तेव्हा मला एकदम आधार वाटला. आपण कुणीतरी वेगळ्या, वाया गेलेल्या नाही. त्याच घरातल्या आहोत, असं काहीतरी.

माझा आजार उघड झाला तो पेपर तपासताना. मी हायस्कूलला गणित शिकवत होते. १९९७ च्या सहामाहीचा गठ्ठा टेबलावर होता आणि मला पहिल्या पानावरच्या गुणांची बेरीज जमेना. चार, तीन, पाच, दोन. बोट ठेवून मोजायची, खाली आकडा लिहायची, आणि तो बरोबर आहे याची खात्री नसायची. पुन्हा मोजायची. एका पेपरात संध्याकाळ जायची. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर घरच्यांना कळलं तरी असतं. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत एकच वाटत राहायचं, की माझ्यावाचून या घराचं काही अडणार नाही.

सगळे नेहमीचंच सांगत होते. मन घट्ट कर. कशात तरी मन रमव. काय कमी आहे तुला? एक नातेवाईक म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल, बघून घ्या. सासूबाई वाडीला घेऊन गेल्या. नृसिंहवाडीच्या घाटावर मी कृष्णेकडे बघत बसले, सासूबाई पादुकांवर डोकं ठेवून आल्या. परतीच्या एसटीत त्याच म्हणाल्या, “देवाचं झालं. आता डॉक्टरचं बघूया की.” मानसोपचार म्हटलं की मिरज नाही तर रत्नागिरी, आणि तिथे गेलेलं माणूस आपल्यातून गेलं, असं समजणाऱ्या पिढीतल्या या बाई. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

राजारामपुरीतले डॉक्टर मोजकं बोलत. त्यांनी इमिप्रामिन लिहून दिलं आणि माझ्या नवऱ्याला वेगळं बोलावून सांगितलं, की गोळ्यांची पट्टी तुमच्या ताब्यात ठेवा, रोजची गोळी तुम्ही हातात द्या. मला तेव्हा अपमान वाटला. त्यामागचं कारण पुढे त्यांनीच उलगडून सांगितलं: औषध सुरू झाल्यावर कधी कधी हातापायांत बळ आधी येतं आणि मनातला अंधार नंतर हटतो, त्या मधल्या दिवसांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहायचं असतं. हे पथ्य प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे.

इमिप्रामिन हे या आजाराच्या पहिल्या औषधांपैकी. स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगन इथे रोलांड कून ते स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना देऊन बघत होते; तिथे त्याचा उपयोग झाला नाही, पण उदास रोगी सुधारले. माझ्या वाट्याला मात्र त्याचा त्रासच आला. वर्गात बोलताना जीभ टाळूला चिकटायची. फळ्याकडून वळलं की घेरी. पोट साफ नाही, अक्षर कापरं. बेरीज होती तिथेच. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, थांबा म्हणाले, मी थांबले, आणि काही झालं नाही. मग फ्लुओक्सेटिन आलं. अमेरिकेत १९८७ अखेरीस मंजुरी मिळालेलं, ज्याच्या नावाने तिकडे पुस्तकं निघाली ते औषध. ते लाखो लोकांना लागू पडलं असेल. मला त्याने जी थोडी झोप होती तीही नेली आणि दिवसभर पाय जागेवर ठरेनात.

या मधल्या काळाबद्दल फार कुणी बोलत नाही. गोळी पोटात गेली की काही तासांत ती सेरोटोनिनवर काम करू लागते, पण मनाला ते कळायला काही आठवडे लागतात. आणि हा आजारच असा, की उद्याची वाट बघण्याची ताकदच तो आधी काढून घेतो. एक औषध गेलं की माणसाला वाटतं, औषधाचं काय, मीच कामाची नाही. मलाही हेच वाटायचं. नंतर अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ नावाच्या मोठ्या अभ्यासाबद्दल वाचलं. सुमारे चार हजार रुग्ण, निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने पूर्ण उतार पडला तो जेमतेम एक तृतीयांश लोकांना. म्हणजे पहिली गोळी लागू न पडणारे आम्ही बहुसंख्य होतो! हा एक आकडा मला त्या वेळी कुणी सांगू शकलं असतं, तर रात्री थोड्या सोप्या गेल्या असत्या. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की नैराश्याच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. ज्यांच्यापर्यंत पोचतात त्यांतले किती पहिल्याच पट्टीनंतर ‘गोळ्यांनी काही होत नाही’ म्हणून घरी बसत असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

त्यानंतर सर्ट्रालिन. सुरुवातीला पोट बिघडलं, डोकं जड. डॉक्टरांनी मात्रा सावकाश वाढवत नेली. मला फरक कळला नाही. तो कळला सासूबाईंना. कपिलतीर्थ मार्केटात आम्ही भाजीला गेलो होतो. मेथीची जुडी बाहेरून टवटवीत, आत पिवळी पानं दाबून बांधलेली. मी ती सोडून भाजीवालीच्या पुढ्यात पसरली, ही जुडी या भावाने देता का, म्हणून चांगली हुज्जत घातली आणि भाव पाडून घेतला. घरी आल्यावर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज ऐकू आला, मुलाला सांगत होत्या, “आज भांडली बघ ती. मेथीच्या जुडीवरनं. आता न्हाई काळजी.” मी दारात उभी राहून ऐकलं आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा रडले. वार्षिक परीक्षेचे पेपर मी वेळेत तपासून दिले.

ही गोळी मला परवडली, यामागेही एक कारण आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या फक्त कृतीला संरक्षण होतं, खुद्द औषधाला नव्हतं. म्हणून अमेरिकेत पेटंट चालू असतानाच आपल्या कंपन्या तीच औषधं वेगळ्या कृतीने करून स्वस्तात विकू शकल्या. २००५ मध्ये तो कायदा बदलला. शिक्षकाच्या पगारात वर्षानुवर्षं औषध घेता आलं ते संसदेतल्या त्या निर्णयामुळे, हे मी कृतज्ञतेने लिहून ठेवते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ असताना. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, गाड्या बंद, पेट्रोल मिळेना. आमची गल्ली कोरडी राहिली, पण माझी पट्टी संपली आणि दुकानात माल नव्हता. गोळी चुकली की मान वळवताना डोक्यात विजेसारखे झटके येतात. ते सुरू झाले. दुकानदाराने शोधून शोधून दुसऱ्याच कंपनीची पट्टी काढली. “कंटेंट तोच आहे मॅडम, घ्या.” आत रांगेत माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. मी गोळीचं नाव मोठ्याने वाचून मात्रा तपासली आणि पिशवीत टाकली.

तोच मुलगा यंदा फोनवर होता. बायकोला गोळी सुरू केलीय, दुसरा आठवडा आहे, मळमळतंय, ती म्हणते बंद करते. मी विचारलं, डॉक्टरांना कळवलंय का? नाही म्हणाला. “मग आधी त्यांना फोन कर. मळमळ, झोप, जेवण, सगळं तारखेवार एका वहीत लिही आणि ती वही पुढच्या वेळी घेऊन जा. पट्टी तुझ्याकडे ठेव. रात्री फारच घाबरी झाली तर १४४१६ या हेल्पलाइनला फोन लाव, मराठीत बोलतात. आणि तिला सांग, बाईंना पण पहिली लागू पडली नव्हती.”

“लिहून घेतो बाई,” तो म्हणाला, “जरा सावकाश सांगा.”