बिनकामाचे धावणे

मराठी भाषेने पळणाऱ्या माणसाची फारशी अब्रू ठेवलेली नाही. पळपुटा, पळ काढणे, पळता भुई थोडी होणे, असे शब्द काढून तिने त्याला गावकुसाबाहेर बसवले आहे. धावणाऱ्याला मात्र ती मान देते. संकटात देव धावून येतो, अडल्यानडल्याला शेजारी धावतो. पाय तेच, रस्ताही तोच. पण पाठीशी भय असले की ते पळणे, आणि पुढे कुणाचे काम असले की ते धावणे! आता ज्याच्या पाठीशी भय नाही आणि पुढे कामही नाही, अशा माणसाच्या दौडीला काय म्हणावे, याची सोय आपल्या पूर्वजांनी केलेली दिसत नाही. मी त्या बिननावाच्या जातीतला माणूस आहे. पन्नाशी ओलांडली तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा, कुणी बोलावले नसताना, कुठे पोहोचायचे नसताना, मी डोंगराच्या वाटांनी धावत असतो.

माझे मूळ गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षांच्या मुलखात. आणि पोटापाण्यासाठी आयुष्य गेले साताऱ्यात. त्यामुळे मला धावायला दोन्ही जिल्ह्यांचे डोंगर मिळाले. हे माझे वैभव. एरवी माझ्या नावावर डोंगर तर सोडाच, टेकडीही नाही.

साताऱ्याच्या माणसाला धावण्याचे आता अप्रूप राहिलेले नाही. 2012 साली येथे डोंगरावरची अर्धमॅरेथॉन सुरू झाली, आणि पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी सारे शहर रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शहरातून निघावे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागावे आणि आल्या वाटेने उतरावे, असा तो एकवीस किलोमीटरांचा फेरा. घाट चढताना धुके अंगावरून जाते. छातीतला भाता चालू असतो, आणि कडेला तेरडा फुललेला असतो. चढणारे लोक उतरणाऱ्यांकडे हेव्याने पाहतात, आणि उतरणाऱ्यांचे गुडघे चढणाऱ्यांचा हेवा करतात. संसारातही असेच असते म्हणा!

पण मला स्वतःला शर्यतीपेक्षा एकट्याने अजिंक्यतारा चढणे आवडते. शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला असे सांगतात. भल्या पहाटे शहर झोपेत असताना निघावे आणि दरवाजातून आत शिरून, मंगळाईला नमस्कार करून, तटाच्या कडेकडेने गडाला वळसा घालावा. पश्चिमेला यवतेश्वराचे पठार, त्याच्या डावीकडे सज्जनगड, पूर्वेला जरंडा. खाली सातारा चुलीच्या धुरात गुरफटलेला असे, ही झाली जुनी आठवण. आता धूर नाही, दिवे आहेत.

याच तटावर 1699 च्या डिसेंबरापासून साडेचार महिने प्रयागजी प्रभूंनी औरंगजेबाला झुंजवले. बादशहा जातीने येऊन उत्तरेला करंज्यापाशी तळ देऊन बसला होता. पुढे मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. एकाने गडावरची माणसे गाडली, आणि दुसरा उलटून त्यांच्याच फौजेवर कोसळला. मार्चात सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि एप्रिलात गड खाली झाला. या चार वाक्यांत इतिहास संपतो. पण पायांना तो संपू देत नाही. चढ चढताना मला नेहमी त्या काळचे जासूद आठवतात. वेढ्याच्या फटीतून रात्री निसटून रसदीचा निरोप कुणीतरी नेलाच असेल. महाराज गेल्याची बातमी घेऊन कुणीतरी छाती फुटेपर्यंत धावलेच असेल. त्या माणसाचे नाव कुठल्या कागदात नाही. राजांची नावे शिलालेखांत राहतात, सरदारांची बखरीत, आणि जासुदाची फक्त पायवाट राहते. तीवरून मी मोज्या-बुटांसह धावतो. या विचाराने जरा ओशाळल्यासारखे होते, आणि पुढचा चढ मुकाट्याने चढला जातो.

ही झाली माझ्या कर्मभूमीची वाट. सणावारी गावी गेलो की दुसरी सुरू होते. कऱ्हाड सोडून आग्नेयेला उतरावे तसे सह्याद्रीचे हिरवेपण मागे पडते. डोंगर उघडे, बुटके होतात. ताकारीजवळ सागरेश्वराचा डोंगर. त्यावर माणसांनी झाडे लावून, हरणे सोडून अभयारण्य उभे केले, आणि पायथ्याशी जुन्या देवळांचा मेळाच भरला आहे. मिरजेच्या पूर्वेला दंडोबाचा डोंगर, आणि त्याच्या पोटात खोदलेले महादेवाचे ठाणे. बाहेर वैशाखाचा वणवा असला तरी आतल्या अंधारात दगड थंडगार असतो. धावून दमलेल्या माणसाने तिथे भिंतीला पाठ लावून बसावे. देव काही विचारीत नाही.

आणि वर खानापूर तालुक्यात बाणूरगड, म्हणजे इतिहासातला भूपाळगड. चाकण लढवणारे फिरंगोजी नरसाळा पुढे या गडाचे किल्लेदार होते. 1679 साली दिलेरखानाने तो घेतला, आणि हाती लागलेल्या सातशे माणसांचा एकेक हात तोडला असे सांगतात. गडावर एक समाधी आहे, ती शिवाजीमहाराजांच्या हेरांचे नाईक बहिर्जी यांची, अशी लोकांची श्रद्धा. मला ती श्रद्धा फार आवडते. ज्याचे सारे आयुष्य न दिसता धावण्यात गेले त्याला विसाव्याला अशीच आडबाजूची जागा हवी.

या उजाड डोंगरांच्या कडेने पाहावे तो द्राक्षाचे मांडव! नवख्याला वाटावे, येथे पाणी भरपूर असेल. पाणीच नव्हते. पाणी नव्हते म्हणून या भागातली माणसे सोने-चांदी गाळायचा धंदा शिकून साऱ्या हिंदुस्थानभर गेली. दूरच्या शहरातही गलाईच्या दुकानात विट्या-खानापूरकडची बोली ऐकू येते. जी राहिली त्यांनी द्राक्ष धरले. उन्हाळ्यात टँकरने पाणी आणून वेली जगवल्या. पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून वर आणले. तासगाव तालुक्यातल्याच एका बागेत थॉम्पसन जातीच्या वेलीवर लांबट मण्यांची फांदी निघाली. ती आर्वे नावाच्या बागाईतदाराने हेरली आणि 'तास-ए-गणेश' या नावाने देशभर गेली. 'तास' म्हणजे तासगाव, 'ए' म्हणजे आर्वे, आणि गणेश तर तासगावचा राजाच! परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या त्याच्या देवळाचे सात मजली गोपुर दुरून धावत येणाऱ्यालाही वाट दाखवते.

परदेशात द्राक्षाच्या टेकड्या म्हटल्या की दारूची पिंपे डोळ्यांपुढे येतात. सरकारने 2001 साली धोरण आखून नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइनचे उद्यान काढले. नाशिककरांनी त्यात नाव मिळवले. आमच्या द्राक्षाचे मन मात्र बेदाण्यातच रमले. घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर पसरायचे, आणि पंधरा-एक दिवस वाऱ्यावर सोपवायचे. चार किलो द्राक्षे जातात तेव्हा किलोभर बेदाणा हाती येतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळीच्या शिऱ्यात तुमच्या दाताखाली जो मणी येईल, त्यात तीन हिस्से पाणी उडून गेलेले असते, आणि ते पाणी कुणीतरी कुठून तरी डोंगर चढवून आणलेले असते.

आमच्याकडे दिवाळी आणि द्राक्ष यांचे वैरही आहे. ऑक्टोबरची छाटणी झालेली असते, वेल फुटलेली असते. काही बागा फुलोऱ्यात असतात. अशा वेळी पाऊस येता कामा नये. घरात करंज्या तळल्या जात असतात आणि घरधनी अंगणात उभा राहून आभाळ बघत असतो. 2019 साली लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होते. त्या दिवाळीत जो पाऊस लागला तो हटेचना. ऑगस्टात कृष्णेचा महापूर होऊन गेला होता, आणि आता हे. माझ्या धाकट्या भावाची दोन एकर बाग. कोवळे घड कुजून गळाले, पानांवर दावण्या चढला. पाडव्याच्या पहाटे पाऊस जरा थांबला तसा मी सवयीने डोंगराकडे धावून आलो. परतताना बागेच्या बांधावर भाऊ उभा होता. पाठीवरचा औषधाचा पंप त्याने उतरवून ठेवला होता. माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहून तो म्हणाला, ''आण्णा, तुम्ही कुणाकडं जाऊन आला?''

''कुणाकडं नाही. असंच.''

''असंच,'' तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादा परदेशी शब्द उच्चारून पाहावा तसा तो शब्द त्याने उच्चारून पाहिला.

तो शब्द मला फार दिवस पुरला. आमच्या मुलखात 'असंच' कुणी धावलेच नव्हते. जासूद निरोपासाठी धावला, मावळा जिवासाठी, बाई हंड्यासाठी, गलाईवाला पोटासाठी. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावली आणि दहावी आली. त्या शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारावी लागते. ज्या तालुक्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते तिथली मुलगी पाणी ओलांडून गेली! पण तीही देशाच्या कामावर होती. मग माझ्या धावण्याला या डोंगरात जागा कोणती?

उत्तर घरातूनच आले. त्या दिवाळीनंतर भावाने एक एकर बाग काढून टाकली. आणि बारावी झालेल्या माझ्या पुतणीने ठरवले की आपण पोलीस भरतीला उतरायचे. पहाटे सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही रस्त्याला जा. अंधारात पोरांचे, पोरींचे पाय वाजत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. मैदानी परीक्षेत एकेका सेकंदाला गुण, आणि एकेका गुणाला एकेका घराची आशा टांगलेली. सुट्टीत गेलो की मी तिच्याबरोबर धावू लागलो. मी घड्याळ धरायचा, ती धावायची. मला त्या आठशे मीटरांची भीती वाटे. माझ्या एकवीस किलोमीटरांत जेवढे वजन नव्हते तेवढे तिच्या तीन मिनिटांत होते: राहिलेली एक एकर, सोसायटीचे कर्ज, भावाचे ते आभाळाकडे बघणे.

पहिल्या खेपेला ती थोडक्यात राहिली. घरी कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे बूट दारात नव्हते. ती रस्त्यावर होती. पुढच्या भरतीत तिचे नाव यादीत लागले. भावाने त्या रात्री माझ्याशी फोनवर फार थोडे बोलून घेतले. बाकीचा वेळ तो नुसता फोन धरून उभा होता.

गेल्या पावसाळ्यात ती दोन दिवसांच्या रजेवर साताऱ्याला माझ्याकडे आली. सकाळी उठून म्हणाली, ''काका, चला की डोंगराला.'' आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. निम्म्या चढावर मी सवयीने घड्याळाकडे पाहिले, तर तिने माझे मनगट हाताने झाकले. ''आज नको,'' ती म्हणाली. ''आज मला कुठं पोचायचं नाही.'' वर पठारावर सोनकी फुलली होती. ती थांबली, पुढे गेली, मागे वळली, पुन्हा थांबली. तिला धावताना इकडेतिकडे बघता येते हे तिचे तिलाच नवे होते.

तेव्हा मला कळले की बिनकामाचे धावणे फुकटचे नसते. त्याची किंमत कुणीतरी आधी चुकती केलेली असते. नाव नसलेल्या जासुदाने, बांधावर उभ्या असलेल्या बापाने, अंधारात सेकंद मोजणाऱ्या पोरीने. पिढ्यान्‌पिढ्या कामाचे धावून झाल्यावर एखाद्या सकाळी एखाद्याच्या वाट्याला 'असंच' धावणे येते. ते आले तर लाजू नये. चार किलोंतून किलोभर उरतो तसे ते उरलेले असते. जपून खावे, आणि शेजाऱ्यालाही द्यावे.

भावाच्या एका एकरावर यंदाही छाटणी झाली आहे. या दिवाळीला मी गावी जाईन, पहाटे डोंगराकडे निघेन. बांधावर तो उभा असेलच, तोंड आभाळाकडे करून. त्याला म्हणणार आहे, आभाळाकडे मी बघतो. तू जरा चल माझ्याबरोबर, दंडोबापर्यंत. काम काही नाही.