पेन्शनीतला तिचा वाटा

कुंभकोणम म्हटले की आपल्याला तंजावरचे भोसले आणि त्यांच्या राज्यात कावेरीकाठी स्थिरावलेली मराठी घराणी आठवतात. माझ्या डोक्यात मात्र सध्या तिथला आजचा माजी सैनिक घोळतो आहे. १९७१ ची लढाई पाहिलेला जवान आता पंचाहत्तरीपुढे. पण शिपाई निवृत्त होतो तो पस्तिशी-चाळिशीत; पोरे शाळेत, आईबाप थकलेले. पितळी समया, रेशीम, विड्याची पाने यांवर चालणाऱ्या गावात कारागिरी लहानपणीच हातात बसावी लागते. मग उरते बँकेच्या दारातली रखवालदारी.

‘पेन्शन आहे की!’ हा आक्षेप ठरलेला. आहे, आणि २०१५ मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’ जाहीर झाल्यापासून जुन्यांची परवड घटली, हे मान्य. पण हिशेब बायकोच्या बाजूने मांडून पाहा. त्याची पेन्शन साधारण अखेरच्या पगाराच्या ५० टक्के. तो गेल्यावर, वाढीव दराची मुदत सरली की तिला ३० टक्के. म्हणजे शंभरातले चाळीस गेले, औषधे मात्र तेवढीच. शिवाय हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर बोट टेकवावे, तर झिजलेला ठसा उमटत नाही. तिजोरीवर भार पडतो म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण फौज तरुण राहावी म्हणून माणूस ऐन उमेदीत घरी पाठवला जातो, ती सोय देशाची. तिची किंमत विधवेच्या पासबुकातून वसूल करणे मला पटत नाही. आधी हा दर वाढवा, चौकातल्या रणगाड्याला रंग नंतर द्या.