भेट

बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. दुकानात उत्तरे रांगेने मांडलेलीच असतात: घोड्याच्या मुंडक्याचे कीचेन, चौसष्ट घरांचा रुमाल, 'शह' छापलेला मग, छातीवर वजीर मिरवणारा टी-शर्ट. आमच्या बुद्धिबळ मंडळाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा यांतले बहुतेक प्रकार आम्ही हौसेने वाटले. त्या वस्तूंची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आपण कोणत्या वेडाचे वारकरी आहोत, हे चारचौघांना कळावे असे कुणालाही वाटते.

या व्यापाराचा इतिहासही जुना आहे. १८४९ साली लंडनच्या जॅक्स या पेढीने नथॅनियल कुक यांच्या नावे नोंदलेल्या घाटाचे मोहरे विक्रीस आणले आणि त्यांना त्या काळचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याचे नाव दिले. पेटीतल्या चिठ्ठीवर त्याची सही असे. आज क्रिकेटपटूच्या नावाची बॅट विकतात, तसाच हा प्रकार. मात्र ते नाव ज्या वस्तूला दिले, ती वस्तू खेळण्याजोगी होती. तत्पूर्वी नाना घाटांचे मोहरे प्रचारात होते. काही उंच, नाजूक, हात लागताच कलंडणारे. अनोळखी संचात कोणता मोहरा कोणता, याचाच घोळ होई. नव्या घाटाने तो मिटवला. स्पर्धांतून आजही तोच घाट दिसतो. त्यातला बिशप आमच्याकडे विनातक्रार उंट झाला आणि बुरूज हत्ती.

हे सारे ठाऊक असूनही आम्ही चुकलो. ज्यांनी आम्हां सर्वांना पहिली खेळी शिकवली, त्या सरांच्या सत्कारासाठी आम्ही वर्गणी काढली. दुकानात अमृतसरच्या कारागिरांनी घडवलेला शिसवीचा साधा, देखणा संच होता. आम्ही तो बाजूला सारला आणि अंबारीचे हत्ती, झुलीचे उंट, भालाईत प्यादी असा रंगीत, नक्षीदार संच घेतला. व्यासपीठावर तो अधिक शोभला असता म्हणून. सरांनी एक उंट उचलला, न्याहाळला, परत ठेवला. "फार सुंदर आहे," एवढेच म्हणाले. टाळ्या झाल्या.

पुढे सरांचे गुडघे गेले आणि मंडळात येणे थांबले. दोन वर्षांनी ते वारले. त्यानंतर त्यांच्या सूनबाई ती पेटी घेऊन मंडळात आल्या. "तुम्हीच ठेवा ही. बाबा म्हणायचे, पोरांनी प्रेमानं दिलीय, पण यावर डाव दिसत नाही." सरांचा प्लॅस्टिकचा जुना संच, ज्यात हरवलेल्या काळ्या प्याद्याच्या जागी औषधाच्या बाटलीचे बूच होते, तो मात्र त्यांनी घरी ठेवला होता. जाता जाता त्या सहज म्हणाल्या, "संध्याकाळी पट मांडून बसायचे. कुणी येईल म्हणून."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. मराठीत देणगीलाही भेट म्हणतात आणि गाठ पडण्यालाही. आम्ही एक देऊन दुसरीतून सुटका करून घेतली होती. तो सत्कार सरांचा कमी आणि आमच्या कृतज्ञतेचाच अधिक होता.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा मंडळातल्या मुलींनी तिच्या नावाचे टी-शर्ट मागितले. आम्ही आनंदाने करून दिले. त्याच बैठकीत आणखी एक यादी झाली: घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांची. आता दर रविवारी दोन मुले त्यांच्यापैकी एकाच्या घरी जातात. बरोबर गुंडाळता येणारा पट, प्लॅस्टिकचे मोहरे आणि डाव टिपायची वही असते. अंबारीचे हत्ती मंडळाच्या कपाटात आहेत. पाहुणे त्यांचे कौतुक करतात. आम्ही मान डोलावतो आणि विषय बदलतो.